कॉम्प्युटरवर केमिस्ट्री : जळगाव-धुळ्यात राहून शिकता येते का? आणि 'को-ऑप' डिग्री म्हणजे काय?

जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरमध्ये १९४५ साली एक कंपनी सुरू झाली. नाव होतं वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. काम होतं तेलापासून वनस्पती तूप बनवण्याचं. म्हणजे शुद्ध रसायनशास्त्र. पातळ तेलाची हायड्रोजनशी अभिक्रिया घडवायची आणि ते घट्ट करायचं. पुढे हीच कंपनी कॉम्प्युटरच्या व्यवसायात उतरली आणि विप्रो या नावाने जगाला माहीत झाली.

केमिस्ट्रीकडून कॉम्प्युटरकडे यायला त्या कंपनीला काही दशकं लागली. आज मात्र या दोन्ही गोष्टी एकाच विषयात शिकता येतात. त्या विषयाचं नाव कॉम्प्युटेशनल केमिस्ट्री, मराठीत संगणकीय रसायनशास्त्र.

खान्देशात बीएस्सी केमिस्ट्री केलेल्या मुलामुलींचा पुढचा रस्ता बहुतेक वेळा ठरलेला असतो. एमएस्सी ऑरगॅनिक करायचं, मग अंकलेश्वर, वापी किंवा छत्रपती संभाजीनगरच्या एखाद्या कंपनीत क्यूसीला लागायचं. नाहीतर बीएड, नाहीतर स्पर्धा परीक्षा. कॉम्प्युटेशनल केमिस्ट्री हा पर्याय अनेकांच्या कानावरही आलेला नसतो. आणि आलाच, तर घरातून पहिला प्रश्न येतो: शिकून नोकरी कुठे मिळणार?

या प्रश्नाला जगातल्या काही विद्यापीठांनी एक उत्तर शोधलं आहे. डिग्री चालू असतानाच विद्यार्थ्याला पगारी कामावर पाठवायचं. त्याला को-ऑपरेटिव्ह किंवा 'को-ऑप' डिग्री म्हणतात. हा विषय काय आहे, को-ऑप पद्धत कशी चालते आणि जळगाव-धुळ्याच्या विद्यार्थ्याला त्यातलं काय मिळू शकतं, हे समजून घेऊ.

कॉम्प्युटेशनल केमिस्ट्री म्हणजे नेमकं काय?

प्रयोगशाळेत आपण रसायनं एकत्र करतो आणि काय होतं ते बघतो. इथे तेच काम गणिताने होतं. रेणूतले अणू कुठे आहेत, इलेक्ट्रॉन कसे पसरले आहेत, कोणता बंध आधी तुटेल, हे कॉम्प्युटर मोजून सांगतो.

यात ढोबळमानाने तीन प्रकारची कामं येतात.

पहिला प्रकार क्वांटम गणिताचा. यात श्रोडिंगरचं समीकरण जवळपास सोडवून इलेक्ट्रॉनचं वागणं काढतात. उदाहरणार्थ, पीव्हीसी पाइप तापला की त्यातून हायड्रोजन क्लोराइड सुटायला लागतं आणि प्लास्टिक पिवळं पडतं. ते नेमकं कोणत्या बंधापासून सुरू होतं आणि कोणता स्टॅबिलायझर ते थांबवेल, याचा अंदाज या गणिताने बांधता येतो.

दुसरा प्रकार मॉलिक्युलर डायनॅमिक्सचा. यात हजारो अणूंची हालचाल सिनेमासारखी एकेक फ्रेम करून मोजतात. एक फ्रेम साधारण दोन फेम्टोसेकंदांची असते. त्यामुळे सेकंदाचा फक्त दहा लाखावा भाग बघायचा असेल, तरी ५० कोटी फ्रेम मोजाव्या लागतात.

तिसरा प्रकार औषधांच्या शोधात जास्त वापरतात. शरीरातल्या एखाद्या प्रथिनाच्या खाचेत औषधाचा रेणू कसा बसेल हे तपासणं म्हणजे डॉकिंग. जुन्या रेणूंच्या माहितीवरून नव्या रेणूचा परिणाम ओळखणं म्हणजे क्यूएसएआर. मशिन लर्निंगचा सध्या सर्वाधिक गाजावाजा आहे तो याच भागात.

या विषयाला नोबेलही मिळालं आहे, आणि एकदा नव्हे. १९९८ मध्ये वॉल्टर कोन आणि जॉन पोपल, २०१३ मध्ये मार्टिन कार्प्लस, मायकेल लेव्हिट आणि एरिए वॉर्शेल यांना रसायनशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला तो याच प्रकारच्या कामासाठी. २०२४ चा पुरस्कार डेव्हिड बेकर, डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना मिळाला. कॉम्प्युटरने नवी प्रथिनं रचणं आणि प्रथिनांचे आकार ओळखणं, हे त्यांचं काम.

समीकरण माहीत आहे, मग अडतं कुठे?

समीकरण १९२६ पासून माहीत आहे. अडचण ते सोडवण्यात आहे.

केळी पिकवणारा इथिलीन वायू घ्या. त्याच्या रेणूत सहा अणू आणि १६ इलेक्ट्रॉन असतात. त्याचं साधं गणित घरच्या लॅपटॉपवर काही सेकंदांत होतं.

पण अत्यंत अचूक उत्तर देणाऱ्या काही पद्धतींमध्ये रेणू दुप्पट मोठा केला की काम दुप्पट होत नाही, १२८ पट होतं. म्हणजे एका मिनिटाचं गणित दोन तासांवर जातं. रेणू आणखी दुप्पट केला, तर तेच गणित अकरा दिवसांहून जास्त चालतं.

म्हणून या क्षेत्रातलं बरंचसं संशोधन शॉर्टकट शोधण्याचं आहे. वॉल्टर कोन यांची डेन्सिटी फंक्शनल थिअरी हा त्यातला सर्वांत गाजलेला शॉर्टकट.

असाच एक शॉर्टकट पुण्यात तयार झाला. पुणे विद्यापीठातले प्रा. श्रीधर गद्रे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९९४ मध्ये 'मॉलिक्युलर टेलरिंग' ही पद्धत मांडली. नावाप्रमाणेच हे शिंप्याचं काम. मोठ्या रेणूचे एकमेकांवर थोडे चढणारे तुकडे कापायचे, प्रत्येक तुकड्याचं गणित वेगळं करायचं आणि उत्तरं पुन्हा जोडायची. त्या काळात परदेशातल्यासारखे कॉम्प्युटर हाताशी नसताना हे काम उभं राहिलं. गद्रे यांना १९९३ मध्ये शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला होता. त्यामुळे हा विषय महाराष्ट्रात नवखा नाही.

सॉफ्टवेअर फुकट असेल, तर कामाच्या अनुभवाची गरज काय?

इथेच खरी गोम आहे.

डॉकिंगसाठी ऑटोडॉक विना मोफत आहे. क्वांटम गणितासाठी ऑर्का हे सॉफ्टवेअर शैक्षणिक वापराला मोफत आहे. रेणू काढायला आणि बघायला अ‍ॅव्होगाड्रो आहे. प्रथिनांच्या रचनांचा प्रोटीन डेटा बँक हा साठा १९७१ पासून आहे आणि तो सर्वांसाठी खुला आहे. हे सगळं शिकायला यूट्यूब आहेच.

पण सॉफ्टवेअर दरवेळी काहीतरी उत्तर देतं. ते बरोबर आहे की नाही, हे ते सांगत नाही.

एक उदाहरण बघू. कच्च्या पपईच्या चिकापासून पपेन नावाचं एन्झाइम मिळतं. जळगावला ते नवं नाही. जैन उद्योगसमूहाने १९७८ मध्ये इथला केळीची पावडर बनवणारा जुना कारखाना घेऊन पपेन शुद्ध करायला सुरुवात केली होती. पपेनची रचना १९६८ पासून माहीत आहे. त्यात २१२ अमिनो आम्लं आणि तीन हजारांहून जास्त अणू आहेत. नवशिक्याने डॉकिंगचा सराव करायला हे चांगलं प्रथिन आहे.

आता समजा, एखाद्या विद्यार्थिनीने पपेनला थांबवणारा रेणू डॉक केला आणि सॉफ्टवेअरने कमी गुण दिले. निष्कर्ष काय, तर रेणू निरुपयोगी. पण पपेनला थांबवणारे अनेक रेणू त्याच्यातल्या गंधकाच्या अणूशी थेट रासायनिक बंध तयार करतात. साध्या डॉकिंगमध्ये असा बंध तयार होतच नाही. म्हणजे चूक रेणूची नव्हती, पद्धत निवडण्यात होती.

दुसरी गोष्ट अचूकतेची. अभिक्रियेला लागणाऱ्या ऊर्जेच्या गणितात फक्त १.४ किलोकॅलरी प्रति मोलची चूक झाली, तर सामान्य तापमानाला अभिक्रियेच्या वेगाचा अंदाज दहा पटींनी चुकतो. कंपनीत अशा आकड्यावर पुढचे प्रयोग ठरतात. त्यात साहित्य, पैसा आणि माणसांचे महिने जातात.

कोणत्या उत्तरावर किती विश्वास ठेवायचा, हे प्रयोग करणाऱ्या माणसांच्या शेजारी बसून शिकावं लागतं. आपण सुचवलेला रेणू शेजारच्या प्रयोगशाळेत चालला नाही, की आपलं गणित पुन्हा तपासावं लागतं. को-ऑप डिग्रीचा उपयोग इथे आहे.

'को-ऑप' डिग्री म्हणजे काय?

को-ऑपरेटिव्ह म्हटलं की आपल्याकडे सूतगिरणी, साखर कारखाना, नाहीतर पतपेढी आठवते. इथे त्याचा संबंध नाही. इथे सहकार्य असतं ते विद्यापीठ आणि कामाची जागा यांच्यात.

ही पद्धत अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठात १९०६ मध्ये हर्मन श्नायडर यांनी सुरू केली. कॅनडातलं वॉटरलू विद्यापीठ १९५७ मध्ये याच पद्धतीवर उभं राहिलं आणि आज को-ऑपसाठी तेच सर्वाधिक ओळखलं जातं. तिथे रसायनशास्त्राची पदवीही को-ऑप पद्धतीने करता येते.

ढाचा साधा आहे. चार महिने वर्ग, चार महिने काम, पुन्हा वर्ग, पुन्हा काम. कामाचा पगार कंपनी देते. कंपन्यांच्या जागा विद्यापीठाचं कार्यालय मिळवतं, मुलाखती होतात आणि काम संपल्यावर अहवाल द्यावा लागतो. डिग्री हातात येईपर्यंत विद्यार्थ्याकडे वर्ष-दीड वर्षाचा किंवा त्याहून जास्त अनुभव जमलेला असतो.

उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपपेक्षा हे वेगळं कसं? एक, काम पगारी असतं. दोन, ते डिग्रीचाच भाग असतं. तीन, ते पुन्हा पुन्हा येतं. पहिल्या खेपेला विद्यार्थी फाइली लावतो, तिसऱ्या खेपेला त्याला स्वतंत्र काम मिळतं. आणि मधल्या काळात वर्गात बसताना, आपल्याला काय येत नाही हे त्याला कळलेलं असतं.

भारतात असं काही आहे का?

हुबेहूब नाही, पण जवळचे प्रकार आहेत.

बिट्स पिलानीमध्ये १९७३ पासून 'प्रॅक्टिस स्कूल' आहे. त्यात विद्यार्थी कंपनीत जाऊन काम करतात आणि त्याला गुण मिळतात. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीने २०१८ मध्ये जालन्याला केंद्र सुरू केलं. जळगावहून अजिंठ्याचा घाट चढून गेलं की हे अंतर फार नाही. तिथल्या पाच वर्षांच्या एकात्मिक एमटेकमध्ये अभ्यासाच्या अधेमधे उद्योगातली इंटर्नशिप बसवलेली आहे. अर्थात तो अभ्यासक्रम केमिकल इंजिनिअरिंगचा आहे, कॉम्प्युटेशनल केमिस्ट्रीचा नाही.

साध्या बीए-बीएस्सीसाठी यूजीसीने २०२० मध्ये अप्रेंटिसशिप समाविष्ट पदवीची मार्गदर्शक तत्त्वं आणली. यात डिग्रीतलं किमान एक सेमिस्टर प्रत्यक्ष कामाचं असू शकतं. अशी शिकाऊ उमेदवारी एनएटीएस पोर्टलवर करार नोंदवून होते. २०१९ च्या नियमांनुसार पदवीधर शिकाऊ उमेदवाराचं किमान विद्यावेतन महिना ९,००० रुपये ठरलं होतं आणि या योजनेत किमान रकमेचा निम्मा भार केंद्र सरकार उचलतं. २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवार परिषदेने विद्यावेतनात ३६ टक्के वाढीची शिफारस केली. प्रवेश घेताना लागू असलेला आकडा पोर्टलवर बघून घ्यावा.

महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२३ मध्ये जो आराखडा आला, त्यात एमएस्सीच्या पहिल्याच वर्षी ४ क्रेडिटचं ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्ट आहे. दुसऱ्या वर्षी ४ आणि ६ क्रेडिटचे दोन संशोधन प्रकल्प आहेत. ४ क्रेडिट म्हणजे साधारण १२० तास. वॉटरलूच्या एका खेपेतले चार महिने बघता हे थोडं आहे, पण कोऱ्या पाटीपेक्षा बरं.

जळगाव-धुळ्यात काय उपलब्ध आहे?

जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कक्षेत येतात. १५ ऑगस्ट १९९० ला स्थापन झालेल्या या विद्यापीठात रसायनशास्त्राची प्रशाळा आहे आणि केमिकल टेक्नॉलॉजीची वेगळी संस्थाही आहे. एमएस्सीचा संशोधन प्रकल्प हीच कॉम्प्युटेशनल केमिस्ट्रीत शिरण्याची पहिली संधी. मार्गदर्शक तयार असतील, तर प्रयोगासोबत गणिताची बाजू त्यात जोडता येते.

पण अनेकांच्या लक्षात न येणारी गोष्ट अशी की, हा विषय इथे बीएस्सीपेक्षा फार्मसीत जास्त ठळकपणे आहे. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाचा अभ्यासक्रम देशभर सारखा असतो. त्यात बीफार्मच्या आठव्या सेमिस्टरला 'कॉम्प्युटर एडेड ड्रग डिझाइन' हा ऐच्छिक विषय आहे. एमफार्मला फार्मास्युटिकल केमिस्ट्री घेतली, तर याच नावाचा पूर्ण पेपर आहे. शिवाय बीफार्मच्या सातव्या सेमिस्टरला १५० तासांची प्रॅक्टिस स्कूल असते.

शिरपूरच्या आर. सी. पटेल संस्थेपासून दोन्ही जिल्ह्यांतल्या इतर फार्मसी कॉलेजांपर्यंत हा अभ्यासक्रम लागू आहे. मात्र ऐच्छिक विषय कागदावर असणं आणि तो कॉलेजने प्रत्यक्षात शिकवणं यात फरक आहे. प्रवेशाआधी तो विचारूनच घ्यायला हवा.

बाकी अभ्यास घरी बसून होतो. स्वयम आणि एनपीटीईएलवर क्वांटम आणि कॉम्प्युटेशनल केमिस्ट्रीचे कोर्स आहेत. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स आणि पायथनचे धडे मोफत आहेत आणि त्यातले बरेच मराठीतही आहेत. मोठं गणित कधी दोन दोन दिवस चालतं. मध्येच लाइट गेली तर ते पुन्हा पहिल्यापासून करावं लागू नये, म्हणून चेकपॉइंट फाइल ठेवायला सुरुवातीलाच शिकावं. मे महिन्यात दुपारी ४४-४५ अंशांत लॅपटॉप पूर्ण क्षमतेने चालवण्यापेक्षा गणित रात्री लावलेलं बरं.

मग कमी काय पडतं?

कॉम्प्युटर कमी पडत नाही. पुण्यात सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० बनवला, आज पुण्याच्याच आयसर संस्थेत परम ब्रह्म हा महासंगणक आहे. असा महासंगणक वापरणारा संशोधक बहुतेक वेळा त्याच्यासमोर बसलेला नसतो. तो दुसऱ्या गावाहून लॉगिन करून काम रांगेत लावतो. तांत्रिकदृष्ट्या ते गाव एरंडोल किंवा साक्रीही असू शकतं.

कमी पडते ती कामाची जागा. जळगावची एमआयडीसी पाइप, प्लास्टिक चटया आणि डाळींसाठी ओळखली जाते. धुळ्याकडे खाद्यतेल आहे. या कारखान्यांना केमिस्ट लागतात, पण ते मुख्यतः तपासणीसाठी. कॉम्प्युटेशनल केमिस्टच्या नोकऱ्या औषध कंपन्यांच्या संशोधन केंद्रांत, कंत्राटी संशोधन कंपन्यांत आणि सॉफ्टवेअर कंपन्यांत असतात. म्हणजे मुख्यतः पुणे, मुंबई, हैदराबाद आणि बंगळुरूला.

त्यामुळे जळगावात राहून केलेलं ऑन जॉब ट्रेनिंग बहुतेकदा टायट्रेशन आणि रजिस्टर भरण्यापर्यंतच जातं. ते वाया जात नाही, प्रयोगशाळेची शिस्त त्यातून कळते. पण कॉम्प्युटेशनल केमिस्टच्या मुलाखतीत त्याचा थेट उपयोग कमी.

आणि बाहेर जायचं तर खर्चाचा प्रश्न येतो. पुण्यात खोली, मेस आणि प्रवास धरला की विद्यावेतनातून फारसं काही उरत नाही. बिनपगारी इंटर्नशिप असेल, तर घरून पैसे मागवावे लागतात. ज्या घरात कापसाच्या भावावर वर्षाचं गणित ठरतं, तिथे हा खर्च डिग्रीच्या फीपेक्षा जड जाऊ शकतो. को-ऑपमध्ये पगार असतो, ही म्हणूनच सोयीची बाब नाही. कोण शिकू शकेल आणि कोण नाही, हे त्यावर ठरतं.

प्रवेश घेण्याआधी काय विचारायचं?

'इंडस्ट्री इंटिग्रेटेड', 'इंटर्नशिपसह', 'एआय ड्रग डिझाइन' असे शब्द माहितीपत्रकात दिसले की पुढचे प्रश्न लेखी विचारावेत.

• कामाचे महिने किती आणि कोणत्या सेमिस्टरला?
• विद्यावेतन मिळणार का? किती? करार एनएटीएस पोर्टलवर नोंदवला जाणार का?
• गेल्या वर्षी विद्यार्थी कोणत्या कंपन्यांत गेले आणि तिथे त्यांनी काय काम केलं?
• कंपनी मिळाली नाही, तर त्या क्रेडिटचं काय होणार?
• कॉलेजमध्ये हा विषय शिकवणारे पूर्णवेळ शिक्षक आहेत का? त्यांनी स्वतः असं काम केलं आहे का?
• इंटर्नशिपच्या नावाखाली वेगळी फी घेतली जाते का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल आणि पहिल्या दोन प्रश्नांना स्पष्ट उत्तर नसेल, तर सावध व्हावं.

को-ऑप नसेल, तर स्वतः जुळवता येतो का?

बऱ्याच अंशी येतो. त्यासाठी कामांचा क्रम ठरवावा लागतो.

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत गणित सोडू नये आणि पायथन, लिनक्सची ओळख करून घ्यावी. तिसऱ्या वर्षी एक छोटा प्रकल्प पूर्ण करावा. इथिलीन किंवा पपेनसारखा ओळखीचा रेणू घ्यावा, ज्याची प्रयोगातली उत्तरं आधीच छापलेली आहेत. आपलं गणित त्याच्याशी ताडून बघावं आणि जिथे चुकलं ते मोकळेपणाने लिहावं. मार्गदर्शकाला पाठवायला याहून चांगला अर्ज नाही.

उन्हाळ्यासाठी देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून फेलोशिप देतात. त्यात विद्यार्थ्याला दोन महिने एखाद्या नामवंत संशोधकाकडे काम करता येतं आणि विद्यावेतन मिळतं. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि आयसर इथेही विद्यार्थी प्रकल्पासाठी जातात. एमएस्सीसाठी आयआयटीचा रस्ता जॅम परीक्षेतून जातो.

एमएस्सीला पोहोचल्यावर ऑन जॉब ट्रेनिंगचे १२० तास आणि दोन संशोधन प्रकल्प यांचा विषय एकच ठेवावा. समजा, ट्रेनिंग पाइपच्या कारखान्यात झालं. तिथे पीव्हीसी कधी आणि का पिवळं पडतं, हे डोळ्यांनी बघता येतं. मग त्याच स्टॅबिलायझरचं गणित पुढच्या दोन सेमिस्टरमध्ये करता येतं. वेगवेगळे तुकडे असले तरी शेवटी एक सलग काम दिसतं. मुलाखतीत 'मला ऑर्का येतं' म्हणणाऱ्यापेक्षा 'कारखान्यात हा प्रश्न पाहिला, गणिताने हे उत्तर आलं आणि ते इथे चुकलं' असं सांगणारा उमेदवार वेगळा उठून दिसतो.

यात कॉलेजांचंही काम आहे. जवळच्या एमआयडीसीतल्या दोन-तीन कारखान्यांशी आणि पुण्यातल्या एखाद्या संशोधन गटाशी करार झाला, तर विद्यार्थ्याला प्रश्न इथे मिळेल आणि मार्गदर्शन तिथून. कॉम्प्युटरचं काम दूरवरून होत असल्यामुळे या विषयात ते इतर कोणत्याही प्रात्यक्षिक विषयापेक्षा सोपं आहे. तोपर्यंत ही जुळवाजुळव विद्यार्थ्यालाच करावी लागेल, आणि ती एमएस्सीच्या प्रवेशानंतर नव्हे, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षीच सुरू करावी लागेल.